उभे राहण्याचा धडा

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की कुत्र्याला काही शिकवता येते यावर आपला विश्वास सहसा बसत नाही. म्हणीचा रोख अर्थातच माणसांवर आहे. कुत्र्याचे शेपूट बिचारे उदाहरणापुरते आले आहे. आज मी बोलणार आहे ते मात्र खऱ्या कुत्र्याविषयी, आणि तेही त्याला द्यावयाच्या एका लहानशा धड्याविषयी. सांगितल्याबरोबर कुत्र्याने चारी पायांवर उभे राहावे, आणि सुटी मिळेपर्यंत तसेच शांतपणे उभे असावे, एवढाच तो धडा.

‘बस’ म्हटल्यावर बसणारे कुत्रे पुष्कळ घरी आढळतात. पाहुण्यांपुढे तो प्रयोग मोठ्या हौसेने करून दाखविला जातो. परंतु ‘उभा राहा’ म्हटल्यावर उभा राहणारा कुत्रा विरळाच. उभे राहणे तर त्याला जन्मापासून येते, ते काय शिकवायचे, असा आपला समज असतो. शाळेत वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आल्यामुळे मला एवढे ठाऊक आहे की येणे वेगळे आणि सांगितल्या वेळी करणे वेगळे. बोलता सर्वच मुलांना येते. विचारल्यावर उभे राहून न घाबरता बोलणे शिकवावे लागते.

हा धडा आमच्या भागात अधिक उपयोगाचा आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील कुत्रा हा बहुधा दिवाणखान्यातला शोभेचा प्राणी नसतो. तो संत्र्याच्या बागेची राखण करतो, शेतात धन्याच्या मागे हिंडतो आणि रात्री अंगणात जागतो. पावसाळ्यात त्याच्या अंगावर गोचिडी चढतात. गवत वाळू लागले की कुसळे त्याच्या कानात आणि पंजाच्या बेचक्यांत शिरतात. बाभळीचा काटा तर बारमाही आहे. आता, बसलेल्या कुत्र्याचे पोट दिसत नाही, मांडीची आतली बाजू दिसत नाही, शेपटीखालची जखम दिसत नाही. गुरांचे डॉक्टर कुत्र्याचा ताप पाहतात तोही शेपटीखालीच. चौघांनी धरून त्याला आडवा पाडावे, तर तो भयाने दात लावतो, आणि पुढच्या वेळी दवाखान्याच्या वाटेवर पाऊलही टाकीत नाही. स्वतः होऊन उभा राहणारा कुत्रा ही सर्व ओढाताण वाचवतो.

कोणी म्हणेल, हे सारे विलायती जातींना साधते, गावठी कुत्र्याला नव्हे. गावठी कुत्रा किती शिकतो हे पाहावयाचे असेल तर रस्त्यात सहज खाली वाकून पाहावे. हातात काही नसले तरी दहा पावलांवरचे कुत्रे शेपूट घालून पळते. गोटमारीचे गाव म्हणून पांढुर्ण्याचे नाव दूरवर गेले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दगडांचा तो जुना सामना होतो, हे आपण जाणताच. तो दिवस वर्षातून एकच असतो. एरवी बाराही महिने दगड येतो तो कुत्र्याच्याच वाट्याला. माणूस वाकला म्हणजे दगड येणार, हे त्याने कोणत्याही शाळेत न जाता पाठ केले आहे. ज्याने आपल्या देहाची एवढी बारीक हालचाल वाचली, त्याला शिकता येत नाही असे कसे म्हणावे? आपण शिकविले तेच तो शिकला. आता त्याच हाताचा दुसरा अर्थ त्याला शिकवावयाचा आहे.

हे केवळ माझे मत नाही. बंगालमध्ये मोहनपूर येथे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. तेथे अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी यांनी रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. अनोळखी माणसाने बोटाने दाखविलेली वस्तू कोणती, हे त्यांच्यापैकी पुष्कळांना शिकवणीशिवाय उमगते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसून आले. त्याहून मनोज्ञ निष्कर्ष २०१७ सालचा आहे. अनोळखी माणसावर या कुत्र्यांचा विश्वास बसतो तो खाऊपेक्षाही अंगावरून फिरविलेल्या हाताने अधिक, असे त्यात आढळले. भुकेल्या प्राण्यालाही भाकरीहून मायेचा हात मोठा वाटावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष धड्याकडे वळू. जागा शांत असावी आणि पायाखालची जमीन घसरडी नसावी. गुळगुळीत फरशीपेक्षा सारवलेले अंगण उत्तम. वेळ जेवणापूर्वीची घ्यावी. एका बैठकीला चार-पाच मिनिटे पुरेत, आणि अशा बैठका दिवसातून दोन किंवा तीन. बक्षीस म्हणून उकडलेल्या अंड्याचे किंवा भाकरीचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून ठेवावेत. मोठा तुकडा दिला तर कुत्रा चघळत बसतो आणि आपण काय केले म्हणून तो मिळाला हे विसरतो. कांदा, द्राक्षे आणि चॉकलेट ही मात्र त्याला कधीही देऊ नयेत. ती त्याला विषासारखी बाधतात.

कुत्रा बसलेला असताना तुकडा त्याच्या नाकासमोर धरावा आणि नाकाच्याच उंचीवर, जमिनीला समांतर, हळूहळू सरळ आपल्याकडे ओढावा. सारे मर्म या समांतर रेषेत आहे. हात वर गेला तर कुत्र्याचे डोके वर जाते, डोके वर गेले की मागचा भाग खाली बसतो, नाही तर तो उडी मारतो. हात खाली गेला तर तो आडवा होऊ पाहतो. हात सरळ पुढे आला की नाकामागे मान येते, मानेमागे देह येतो, आणि मागचे पाय आपोआप उभे राहतात. ते उभे राहिले त्याच क्षणी तुकडा द्यावा. क्षणभर उशीर झाला आणि तो एक पाऊल पुढे आला, तर बक्षीस उभे राहण्याला न मिळता चालण्याला मिळते, आणि तो चालणे शिकतो. म्हणून तुकडा त्याच्या तोंडाशी नेऊन किंचित छातीकडे द्यावा. म्हणजे पुढचे पाय जागचे हलत नाहीत.

पाच-सात वेळा असे झाले की हातात काही न घेता तीच खूण करावी, आणि तो उभा राहिल्यावर दुसऱ्या हाताने बक्षीस द्यावे. शब्द आणावयाचा तो यानंतर. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी शब्द, मग क्षणभर थांबून हाताची खूण. दोन्ही एकदम केली तर कुत्रा हात पाहतो आणि शब्द त्याच्या कानावरून जातो. आधी येणारी गोष्ट ही मागाहून येणाऱ्या गोष्टीची सूचना ठरते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखविले होते. शब्द एकदाच उच्चारावा. ‘उभा, उभा, अरे उभा’ असे म्हणत राहिले तर तिसऱ्या हाकेला उठावयाचे असते, असा त्याचा समज होतो. पुष्कळ मुलांचाही होतो.

शब्द कोणता घ्यावा, हा प्रश्न आमच्याकडे वाटतो तितका सोपा नाही. या सीमेवरच्या मुलखात घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि शाळकरी मुलांच्या तोंडी इंग्रजी. वडील म्हणतात ‘उभा’, शेजारी म्हणतो ‘खडा’, मुलगा म्हणतो ‘स्टँड’. आणि हिंदीतला खडा म्हणजे उभा असला तरी मराठी कानाला खडा म्हणजे दगडाचा बारका तुकडा! कुत्र्याला व्याकरण नसते, पण भाषेची जाण त्याला अगदीच नसते असेही नाही. हंगेरीत बुडापेस्ट येथे १८ कुत्र्यांना एकच गोष्ट हंगेरियन आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत ऐकवून त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली. ओळखीची आणि अनोळखी भाषा त्यांच्या मेंदूला वेगवेगळी जाणवते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. तेव्हा आमचा कुत्राही कोण आपले बोलतो आणि कोण परके, हे ओळखत असला तर नवल नाही. त्याला कोणत्याही भाषेचे वावडे नाही. एका कामाला एक शब्द, आणि तो घरातल्या सर्वांच्या तोंडी सारखा, एवढेच त्याचे मागणे असते. मराठी घराला ‘उभा’ हा सुटसुटीत शब्द पुरे. ‘ऊठ’ मात्र टाळावा. झोपेतून उठविण्यासाठी आणि हाकलून देण्यासाठी तो आपण सदा वापरतो.

पोलीस किंवा सैन्य यांच्या कुत्र्यांना त्यांचा त्यांचा सांभाळणारा नेमून दिलेला असतो, त्याचे एक कारण हेच आहे. आपल्याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे, सीमा सुरक्षा दलाचे कुत्र्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९७० सालापासून आहे. आपल्या घरी एवढा सरंजाम शक्य नाही. पण घरातली चार माणसे एका शब्दावर एकमत होऊ शकतात.

जसा आरंभाचा शब्द तसा समाप्तीचाही शब्द ठरवावा. ‘सुटी’ हा मला सर्वांत आवडतो. तो ऐकल्यावर कुत्र्याने हवे तिकडे जावे. समाप्तीचा शब्द नसेल तर किती वेळ उभे राहावयाचे हे त्याला कळत नाही, आणि तो आपल्या मनानेच धडा संपवतो. प्रथम एका श्वासापुरते, मग दोन, मग पाच, असा काळ वाढवावा. तो मध्येच बसला तर रागावू नये. आपण काळ फार वाढविला असे समजून एक पायरी खाली यावे.

यानंतरचा भाग स्पर्शाचा, आणि खरा मोलाचा तोच. कुत्रा उभा असताना खांद्याला हात लावावा आणि तुकडा द्यावा. मग पाठीला, मग पोटाला. कान, पंजा आणि शेपूट ही त्याची नाजूक ठाणी. तेथे सर्वांत शेवटी जावे. एकेका जागेला एकेक दिवस लागला तरी चालेल. या वेळी त्याच्याकडे नीट पाहावे. झोप आलेली नसता त्याने जांभई दिली, तो वारंवार ओठ चाटू लागला, कान मागे पडले, शेपूट पोटाखाली गेले, तर तो बोलतो आहे: मला भय वाटते. त्या क्षणी हात मागे घ्यावा. पट्ट्याला धरून वर उचलणे, पोटाखाली पाय घालून उठविणे, हे प्रकार काही जण करतात. त्याने कुत्रा उभा राहतो खरा, पण उभा राहतो तो पळण्याची संधी पाहत. म्हातारा कुत्रा उठण्यास कुरकुर करीत असेल तर त्यास हट्टी म्हणण्यापूर्वी त्याचे सांधे दुखतात का ते डॉक्टरांना दाखवावे. आणि हे सारे आपल्या परिचयाच्या कुत्र्यापुरते आहे. अनोळखी किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीवर कोणी प्रयोग करू नयेत.

घरच्यांचा हात सरावाचा झाला की शेजाऱ्याला बोलवावे आणि त्याच्या हाताने तेच करवावे. असा कुत्रा एक दिवस डॉक्टरांपुढे उभा राहतो आणि सुई टोचून घेतो. माझ्या मते या धड्याचे सार्थक तेथे आहे. पिसाळणे हा रोग किती भयंकर आहे हे खेड्यात वेगळे सांगावे लागत नाही. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु लक्षणांपूर्वी तो पूर्णपणे टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या लशीची पहिली टोचणी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या, कुत्र्याने चावलेल्या मुलाला देण्यात आली, आणि तो जगला. गावातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस टोचली गेली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशाने २०३० सालापर्यंत कुत्र्यांपासून माणसांना होणारा हा रोग नाहीसा करण्याचे ठरविले आहे. तो संकल्प कागदावरून अंगणात यावयाचा तर कुत्रे टोचणीसाठी हाती लागले पाहिजेत. आपल्या हाताला भिणारा कुत्रा लस टोचणाऱ्याच्या हाती कसा लागणार?

तरीही कोणाला कुत्रा चावलाच, तर जखमेवर मिरची, चुना किंवा हळद भरण्यात वेळ घालवू नये. साबण आणि वाहते पाणी यांनी जखम सतत १५ मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लशीच्या ठरलेल्या सर्व टोचण्या घ्याव्यात. एकही चुकवू नये.

श्रोतेहो, हा धडा मुलांच्या हाती अवश्य द्यावा, मात्र मोठ्यांच्या देखत. आठ-दहा वर्षांचे मूल चार दिवस तुकडा सरळ रेषेत धरावयास शिकले, की कुत्र्याबरोबर तेही काही शिकते. आवाज न चढविता आपले म्हणणे दुसऱ्याला समजावून देता येते, आणि तो चुकला तर आपण एक पायरी खाली यावयाचे असते, हे त्याला समजते. अशा मुलाचा हात रस्त्यातल्या कुत्र्यासाठी दगड उचलावयास सहसा खाली जाणार नाही.