विंचवाचं विष आणि मेंदूतला ब्रेक



आम्हा सोलापूरकरांना विंचू नवा नाही. सरपण उचलायचं, दगड हलवायचा, तर आधी खाली बघायचं, हे लहानपणीच शिकवतात. आज मात्र हा विंचू आपल्याला मेंदूतली एक गंमत दाखवणार आहे.

मानेच्या वर, मेंदूच्या देठात, तोल सांभाळणाऱ्या काही चेतापेशी असतात. तुम्ही आत्ता इयरफोन लावून स्वस्थ बसलाय, तरी त्यांचे विजेचे ठोके चालूच आहेत. कुणी ढोसलेलं नसतानाही! कशासाठी? डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचे ठोके वाढतात, दुसऱ्या बाजूचे कमी होतात. मुळात ठोकेच नसतील, तर कमी काय होणार?

प्रत्येक ठोक्याला पेशीची कॅल्शियम चॅनल्स, म्हणजे कॅल्शियमची दारं, उघडतात. कॅल्शियम धन भार घेऊन आत शिरतं. मग पेशी आणखी भडकायला हवी ना? होतं उलटंच. हे कॅल्शियम पोटॅशियमची दारं उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी क्षणभर दम खाते. कॅल्शियम इथं चक्क ब्रेक लावतं.

हा ब्रेक तपासायला विंचू कामाला आला. आपल्याकडचा लाल विंचू जीवघेणा. त्याच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कित्येकांचे जीव वाचवले. याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं काढलं गेलं. ते कॅल्शियमनं उघडणारं पोटॅशियमचं एक दार नेमकं बंद करतं. उंदरांच्या या पेशींवर ते सोडलं, की ब्रेक सुटतो आणि ठोके वाढतात.

याचा आपल्याशी काय संबंध? एका कानातला तोलाचा अवयव अचानक बिघडला, की त्या बाजूच्या पेशी थंडावतात आणि खोली गरगर फिरते. पण कान बरा झाला नाही तरी गरगर हळूहळू ओसरते, कारण त्या पेशी पुन्हा आपले आपण ठोके धरतात. २००३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की अशी पेशी काही काळ दाबून ठेवली, तर ती हाच ब्रेक सैल करून नंतर जोरात चालते. मेंदू सावरतो त्यात याचाही वाटा असू शकतो.

म्हणून डॉक्टरांनी चक्करवर मान हलवायचे व्यायाम दिले, तर कंटाळा करू नका. आणि विंचू चावला, तर मंत्र-उतारा नको. थेट दवाखाना गाठा.