एका अणूची मोजणी



येलहंक्याहून बल्लारी रस्त्याने बेंगळूरु शहराकडे निघाल्यास हेब्बाळ ओलांडल्यावर सदाशिवनगर लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली रामन संशोधन संस्था तेथे आहे. पदार्थाशी गाठ पडल्यावर प्रकाशात कोणता बदल होतो, हे रामन यांनी १९२८ मध्ये दाखविले. आज त्याच संस्थेतील शीत अणूंच्या प्रयोगशाळांत प्रकाशाच्या साहाय्याने अणूची गती बदलली जाते.

सामान्य तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. त्यावर विद्युतभार नसल्याने आयनाप्रमाणे विद्युत क्षेत्रात त्याला जखडता येत नाही. उपाय प्रकाशातच सापडला. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा एक प्रकाशकण समोरून आदळला, की अणूचा वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने घटतो. आघात क्षुल्लक खरा. परंतु सेकंदाला एक कोटीहून अधिक आघात होऊ शकतात. सुमारे ५० हजार प्रकाशकणांत, म्हणजे काही मिलिसेकंदांतच, अणू जवळजवळ थांबतो. लेसरची वारंवारता अणूच्या स्वाभाविक वारंवारतेहून किंचित कमी ठेवतात. त्यामुळे अणू ज्या किरणाच्या रोखाने धावतो, तोच किरण त्याला अधिक अडवितो.

मंदावलेला अणूही भरकटतोच. म्हणून दोन वेटोळ्यांतून परस्परविरुद्ध दिशांनी वीजप्रवाह सोडतात. मध्यभागी चुंबकीय क्षेत्र शून्य असते व बाहेर ते वाढत जाते. त्याच्या प्रभावामुळे केंद्रापासून ढळलेला अणू, त्याला आत ढकलणारा किरणच अधिक शोषतो. हा सापळा १९८७ मध्ये सिद्ध झाला. लेसरने अणू थंड करून पकडण्याच्या पद्धतींबद्दल स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी व विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या सापळ्याला भिंती नसतात, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. सभोवती असते ते केवळ उच्च निर्वात.

पकडलेला अणू शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर टाकतो. सापळ्यात एकेक अणू शिरताना ही चमक पायरीपायरीने वाढते, आणि पायऱ्या मोजल्या की अणू मोजले जातात. २००१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अत्यंत सूक्ष्म बिंदूवर केंद्रित केलेल्या लेसर किरणात एकच अणू धरून दाखविला. तेथे दुसरा अणू आला, तर प्रकाशाच्या प्रभावाखाली दोघांची टक्कर होऊन दोघेही निसटतात. जागेत एक अणू तरी असतो किंवा एकही नसतो. २०२५ मध्ये अमेरिकेतील कॅलटेकने अशा प्रकाशचिमट्यांत ६,१०० सीझियम अणू स्वतंत्रपणे धरले.

विकासाच्या अर्थशास्त्राचा याच्याशी संबंध काय? भारताच्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहातील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी सोडलेला उपग्रह २०१७ मध्ये उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला आणि बदली उपग्रह कक्षेत पोहोचण्यास एप्रिल २०१८ उजाडले. स्वदेशी रुबिडियम घड्याळ मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ बरोबर अवकाशात गेले. ही घड्याळे शीत अणूंची नव्हेत, ती बाष्पावर चालतात. तथापि अणू हाताळण्याचे कौशल्य आयात करता येत नाही, हे त्यातून दिसले.

२०२०-२१ च्या अर्थसंकल्पात क्वांटम तंत्रज्ञानासाठी ५ वर्षांत ८,००० कोटी रुपये घोषित झाले. १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेची तरतूद ६,००३.६५ कोटी रुपये असून मुदत २०३०-३१ पर्यंत, म्हणजे ८ वर्षांची आहे. वार्षिक सरासरी १,६०० कोटींवरून सुमारे ७५० कोटींवर आली. अणुघड्याळे व अणूंवर आधारित चुंबकत्वमापक ही या मोहिमेची घोषित उद्दिष्टे आहेत, आणि संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. एकूण रकमेची चर्चा पुष्कळ होते. लेसरची दुरुस्ती, निर्वात पंपांचे सुटे भाग आणि तंत्रज्ञांचे वेतन यांसाठीचा निधी आठही वर्षे अखंड येतो की नाही, याची नोंद मात्र अर्थसंकल्पाच्या आकड्यांत शोधावी लागते.