गर्भस्राव आणि योनिमार्गातील जंतू



हा विषय जाहीर सभेत काढावा काय, असे आम्हांस काहींनी विचारले. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गेला की सुनेने हंडा उचलला, पपई खाल्ली, असे बोल घरोघर उघड लावले जातात. मग शास्त्रानेच तेवढे कुजबुजत का बोलावे?

१८९२ साली ड्योडरलाइन या जर्मन वैद्याने निरोगी योनिमार्गातील दंडाकृती जंतूंचे वर्णन केले. हे लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू होत. योनीच्या अस्तरातील ग्लायकोजेनपासून तयार होणाऱ्या शर्करेवर ते जगतात आणि दुग्धाम्ल निर्माण करतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लाने. (म्हणून दही खाऊन गर्भ टिकतो, असे मात्र कोणी समजू नये!) त्या आंबट जागी परके जंतू सहसा माजत नाहीत. हे रखवालदार घटले की गार्डनेरेलासारखे जंतू वाढतात. तथापि २०११ साली अमेरिकेत ३९६ निरोगी स्त्रिया तपासल्या, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्यात लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य नव्हतेच. तेव्हा ही स्थिती म्हणजे रोगच, असेही नव्हे.

आता मूळ प्रश्न. इंग्लंडात लीड्स येथे कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या ८६७ स्त्रियांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. जंतूंचा समतोल बिघडलेल्या स्त्रियांना दिवस राहण्यात फरक नव्हता. परंतु राहिलेला गर्भ पहिल्या तिमाहीत जाण्याचे प्रमाण त्यांच्यात जवळजवळ दुप्पट होते. लवकर जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तेथे जंतूंकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०२२ साली नेमका हाच भेद पाहिला. गुणसूत्रे निर्दोष असूनही गर्भ गेला, अशा स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस कमी आणि दाह अधिक आढळला.

पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. फ्रान्समध्ये ऐंशी हजारांहून अधिक गर्भवती तपासून, दोष आढळलेल्यांपैकी अनेकींना क्लिंडामायसीन दिले. सोळाव्या आठवड्यानंतरचे गर्भस्राव आणि फार अकाली प्रसूती त्याने कमी झाल्या नाहीत, असे २०१८ साली दिसून आले. त्याआधी जाणाऱ्या गर्भांचा प्रश्न या प्रयोगाने सुटलेला नाही.

धास्तीने कोणी साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुऊ लागेल, तर रखवालदारच मरतील. स्राव करडा, पातळ आणि माशासारख्या वासाचा असेल तर डॉक्टरांस दाखवावे, औषध आहे.