पहिली ओळख
(अनुवादकांच्या शिबिरात केलेले भाषण)

परक्या भाषेच्या वर्गाला जाणारा विद्यार्थी कोरी पाटी घेऊन जात नाही. त्याच्या पाटीवर स्वभाषेने पुष्कळ काही आधीच लिहून ठेवलेले असते. ते पुसण्याचे काम वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच सुरू होते.

एका मराठी अनुवादिकेची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. हिंदीच्या आधारे काही असमिया कथा तिने मराठीत आणल्या होत्या. आता मूळ भाषा शिकावी म्हणून एका डिसेंबरात ती मुंबईहून विमानाने गुवाहाटीस गेली. विमान उतरू लागले तेव्हा खाली अनेक प्रवाहांत विभागलेले, वाळूच्या बेटांनी भरलेले विस्तीर्ण पात्र दिसले. ‘ब्रह्मपुत्रा किती मोठी आहे!’ असे ती शेजारच्या वृद्ध गृहस्थांना हिंदीत म्हणाली. ते हसून म्हणाले, ‘ही नदी नव्हे, नद आहे. आमचा बुढा लुइत.’ नावातच ‘पुत्र’ असताना एका आकाराने आपण मराठी माणसांनी त्याची कन्या करून टाकली आहे, हे तिच्या प्रथमच ध्यानात आले.

दुसरा धक्का घड्याळाने दिला. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळला आणि पाचच्या आत अंधार झाला. गुवाहाटी मुंबईच्या पूर्वेस सुमारे १९ रेखांश आहे; म्हणजे तेथील सूर्य जवळजवळ सव्वा तास पुढे असतो. देशाची प्रमाणवेळ मात्र एकच. जालुकबारीहून शहराकडे येताना दुकानांवरील पाट्या बंगालीच भासत होत्या; ‘र’ आणि ‘व’ या अक्षरांचे वेगळे रूप तिला पुढे वर्गात ओळखता येऊ लागले.

वर्गात कानाची परीक्षा सुरू झाली. ‘असम’ या शब्दातील ‘स’चा उच्चार ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला, घशातून घासत येणारा. ‘त’ आणि ‘ट’ लिहिण्यात वेगळे, पण बोलण्यात एकच. त्यामुळे ‘पात’ म्हणजे पान आणि ‘पाट’ म्हणजे रेशीम हे कानाला सारखेच. संदर्भावाचून उलगडा नाही.

परंतु खरा प्रसंग पुढेच होता. असमियात क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. ‘तेओं आहिल’ म्हणजे ‘ते आले’ किंवा ‘त्या आल्या’. ‘तेओं’ हे आदरार्थी सर्वनामही स्त्रीपुरुषांना समान. हे शिकताच तिला स्वतःची एक छापून झालेली कथा आठवली. गावातील एका विधवेचे कर्ज कोणीतरी गुपचूप फेडते, अशी ती कथा. मूळ पुस्तक मिळवून तिने अक्षर लावीत वाचले. फेडणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे लेखकाने कोठेही सांगितले नव्हते. हे मौनच कथेचा गाभा होते. हिंदी अनुवादाने पहिल्याच वाक्यात ते मोडले, आणि मराठीने विश्वासाने त्याचीच री ओढली. मराठी वाचकाच्या हाती पडला एक दानशूर पुरुष.

दोष हिंदीवर टाकून ती मोकळी झाली नाही. सुधारित आवृत्तीसाठी तिने मजकूर पुन्हा हाती घेतला. मराठीतही वाट होती. ‘त्यांनी कर्ज फेडले’ या वाक्यात क्रियापद कर्जाच्या मागे जाते आणि कर्ता झाकलेला राहतो. अडचण ‘ते आले’, ‘त्या बसल्या’ अशा वाक्यांची. तेथे ‘त्यांचे येणे झाले’, ‘त्यांनी बैठक मारली’ अशी रचना करावी लागली. काही ठिकाणी वाक्य अवघडले. तेथे तिने सबंध परिच्छेद नव्याने लिहिला.

मित्रहो, आधारभाषेवरून अनुवाद करणे आपल्या बहुभाषिक देशात टळणार नाही. साऱ्या भाषा एका माणसाला येणे शक्य नाही. पण ज्या लेखनाला आपण हात घालतो त्याच्या भाषेचे निदान सर्वनाम आणि क्रियापद तरी ओळखीचे करून घ्यावे. परतीच्या विमानातून त्या अनुवादिकेने पुन्हा खाली पाहिले. पाणी तेच, वाळू तीच; परंतु या वेळी ती मनाशी म्हणाली, ‘केवढा मोठा आहे!’