पॉम्पेईच्या वाटेवरचे सोपारे

(घोडबंदर रोडवरील एका गृहसंकुलात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



घोडबंदर रोडच्या दुतर्फा उभ्या असलेल्या संकुलांतून दर उन्हाळ्यात अनेक कुटुंबे युरोपच्या सहलीला निघतात. इटलीचा कार्यक्रम असला की बहुधा पॉम्पेईचे अवशेष पाहिले जातात. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे रोमन नगर १७४८ पासून उकरले जात आहे. दगडी रस्त्यांवरच्या चाकोऱ्या, पाव भाजण्याच्या भट्ट्या, भिंतींवरची चित्रे पाहून मराठी प्रवासी थक्क होतो. ‘यांनी किती जपले आहे!’ असा उद्गार सहज निघतो आणि तो योग्यही आहे.

परंतु हा प्रवासी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला, तर तेथे त्याला ओळखीचे कोणी भेटेल. वीतभर उंचीची, अलंकारांनी मढलेली, दोन सेविकांसह उभी असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती! १९३८ साली ती पॉम्पेईतील एका घरात सापडली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे अनेक अभ्यासकांनी तिला यक्षी मानले. ती घडली भारतात, याविषयी मात्र वाद नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ च्या उत्खननात तिच्याशी विलक्षण साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. तेरलाही त्याच धाटणीची मूर्ती सापडली आहे.

भूमध्य समुद्राशी हा संबंध कसा जुळला? पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, याचे उत्तर आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून मोसमी वाऱ्यांवर निघालेली जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत. पैठणचे अकीक दगड आणि तगर, म्हणजेच तेर, येथील कापड गाड्यांतून भडोचला जाई. याच ग्रंथात सोपारे आणि कल्याण यांचाही उल्लेख आहे. कल्याणचे बंदर तेव्हा राजकीय संघर्षात अडकले होते. चुकून तेथे शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे तो लेखक नोंदवतो. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनीने केली, ती याच शतकात.

आता आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या भूगोलाकडे पाहावे. समोरची वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. कल्याणकडे जाणारा जलमार्ग इथूनच होता. मागचा येऊरचा डोंगर ओलांडला की कान्हेरी. तेथील शिलालेखांत कल्याण आणि सोपारे येथील दात्यांची दाने कोरलेली आहेत. फाउंटन नाक्यावरून खाडीपूल ओलांडला की काही मैलांवर ते सोपारे.

त्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकलला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, आठ कांस्यमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला; नवव्याचा १९५६ मध्ये. हे शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि करंडक एशियाटिक सोसायटीत आहेत. स्तूप केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. परंतु ज्या बंदराचे नाव अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीला ठाऊक होते, ते आज दाट वस्तीखाली गेले आहे.

पॉम्पेईचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून उकरलेला नाही. पुढच्या पिढ्यांकडे अधिक चांगली साधने असतील, या विचाराने त्याचा मोठा भाग राखून ठेवला आहे. ही दृष्टी तेथून आणण्याजोगी आहे. ‘आमचा व्यापार रोमशी होता’ असे अभिमानाने सांगणे सोपे असते. ज्या जमिनीत त्याचा पुरावा आहे, तेथे पाया खणताना खापरे निघाली तर काम थांबवून खात्याला कळवणे कठीण असते. अभिमानाची परीक्षा तेथे होते.

पॉम्पेईला अवश्य जावे. नेपल्समधील त्या मूर्तीपुढे मुलांना घटकाभर उभे करावे आणि भोकरदनचे नाव सांगावे. मात्र पारपत्र लागत नाही अशा सोपाऱ्यासाठी त्यापूर्वी एक रविवार काढावा. जाताना मुलांनाही बरोबर न्यावे. ती जमीन उद्या त्यांनाच राखायची आहे.