नवा प्रिंटर आणि मंदावलेला संगणक

आमच्या तालुक्याच्या गांवीं एका शाळेच्या कचेरींत मागें एकदां ऐन जून महिन्यांत नवा प्रिंटर आला. जुना प्रिंटर मोडीत निघाला होता, आणि शाळा सोडल्याचे दाखले मागणाऱ्या पालकांची दाराशीं रीघ लागली होती. नवें यंत्र उत्तम होतें. परंतु तें जोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संगणक असा कांहीं मंदावला कीं, दाखल्याचा साधा मसुदा उघडावयास तीन-तीन मिनिटें लागूं लागलीं. वीस वर्षें इमानानें नोकरी केलेल्या कारकुनावर 'यांना नवें यंत्र हाताळतां येत नाहीं' असा ठपका आला, आणि ग्रंथालयासाठीं राखून ठेवलेल्या पैशांतून नवा संगणक घ्यावा असा विचार चालकांत सुरू झाला. त्या कारकुनांनीं मला बोलावून नेलें. म्हणाले, "मास्तर, एकदां येऊन पाहा. माझी चूक असेल तर तसें स्पष्ट सांगा." त्या दिवशीं जें पाहिलें तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडते, आणि दोष कावळ्याच्या माथीं येतो. यालाच काकतालीय न्याय म्हणतात. प्रिंटर आला आणि संगणक मंदावला, एवढ्यावरून प्रिंटर अपराधी ठरत नाहीं. त्याच सुमारास संगणक स्वतःची नवी आवृत्तिही उतरवून घेत असूं शकेल. म्हणून पहिली कसोटी अन्वयव्यतिरेकाची. कारण आहे तेथें कार्य दिसावें, आणि कारण काढून घेतांच कार्यही नाहींसें व्हावें. प्रिंटर बंद करावा, त्याची तार काढावी, संगणक पुन्हां सुरू करावा आणि पाहावें. वेग परत आला तर दोष तारेंत, जोडणींत किंवा प्रिंटराशीं चाललेल्या संभाषणांत आहे. आम्हीं तसें केलें; मंदपणा जशाचा तसा राहिला. यंत्र बाजूस झालें होतें, पण त्याच्याबरोबर आलेले सोबती घरांतच होते.

हे सोबती म्हणजे प्रिंटरबरोबर संगणकांत शिरणारे प्रोग्रॅम. कागद छापण्यासाठीं खरोखर लागतो तो एक दुभाषा. त्यास ड्रायव्हर म्हणतात. बाकीची मंडळी हौशी असते. एक शाईची पातळी सांगतो, दुसरा स्कॅनरवर पहारा ठेवतो, तिसरा नवी आवृत्ति निघाली कीं काय हें पाहतो, आणि चौथा नवी शाई विकत घ्या म्हणून आठवण करतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडतो, आणि कोण किती स्मृति खातो हें तेथें दिसतें. शाळेच्या संगणकाची स्मृति अवघी ४ जीबी. ती भरून गेली कीं संगणक उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. या हेलपाट्यांतच त्याचा वेळ जातो. स्टार्टअप या सदरांत जाऊन आम्हीं त्या चौघांचें आपोआप सुरू होणें बंद केलें. संगणक पुष्कळ हलका झाला. तथापि दाखल्याचा मसुदा उघडतांना तो अजूनही अडखळतच होता.

तेव्हां छपाईच्या रांगेकडे वळलों. संगणक जलद आणि प्रिंटर संथ. म्हणून मजकूर थेट प्रिंटराकडे न जातां प्रथम डिस्कवर रांगेंत ठेवला जातो. पिठाच्या गिरणींत डबा ठेवून आपण घरीं जातों आणि गिरणीवाला पाळीप्रमाणें दळतो, तशी ही व्यवस्था आहे. या गिरणीवाल्याचें नांव प्रिंट स्पूलर. पण एका डब्यांत खडे निघाले कीं मागचे सर्व डबे अडतात, आणि गिरणीवाला त्या एकाशींच झटत बसतो. शाळेच्या संगणकांत अशीं तीन कामें अडकलीं होतीं, आणि नवल असें कीं, तीं नव्या प्रिंटराचीं नव्हतीं, मोडीत गेलेल्या जुन्या प्रिंटराचीं होतीं.

येथें खरें गूढ उकललें. जुना प्रिंटर नेटवर्कवरून जोडलेला होता. तो माळ्यावर गेला, पण संगणकाच्या दप्तरीं मुख्य प्रिंटर म्हणून अद्याप त्याचेंच नांव होतें. वर्डसारखा प्रोग्रॅम मजकूर उघडतांना कागदाचें माप, समास इत्यादि गोष्टी मुख्य प्रिंटराला विचारून घेतो. विचारावयाचें तें माळ्यावरच्या यंत्राला! उत्तर येईना, आणि वर्ड वाट पाहत बसे. आळ नव्या सुनेवर आला होता. घोटाळा जुन्या नोंदींत होता.

उपाय सोपा होता. सर्व्हिसेस या यादींतून प्रिंट स्पूलर थांबविला. विंडोज, त्यांत सिस्टिम३२, त्यांत स्पूल आणि त्यांत प्रिंटर्स या फोल्डरांतील फाइली तेवढ्या पुसल्या, फोल्डर तसाच ठेवला. आणि स्पूलर पुन्हां सुरू केला. यासाठीं संगणकाच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. नंतर जुन्या प्रिंटराचें नांव यादींतून काढून नव्याला मुख्य ठरविलें. मसुदा चार-पांच सेकंदांत उघडूं लागला. असें करूनही गुण आला नसता, तर नव्या प्रिंटराचें सर्व सामान उतरवून केवळ ड्रायव्हर नव्यानें बसवावा लागला असता.

एक गोष्ट मात्र दोष समजूं नये. ए४ कागदावर इंचास ६०० ठिपके या हिशेबानें सुमारें ३ कोटी ४८ लक्ष ठिपके बसतात. काळ्या-पांढऱ्या मजकुराला ठिपक्यास एक बिट धरला तर ४४ लक्ष बाइट पुरतात. पण रंगीत चित्राला ठिपक्यास तीन बाइट धरतां ही संख्या १० कोटी ४४ लक्षांवर जाते. १९८५ सालीं निघालेल्या ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरांतील प्रोसेसर तत्कालीन मॅकिन्टॉश संगणकांतील प्रोसेसरापेक्षां अधिक वेगवान होता. ही आंकडेमोड प्रिंटर स्वतः करी. आजच्या पुष्कळ स्वस्त प्रिंटरांत तें काम संगणकावर टाकलेलें असतें. अशा वेळीं मोठें रंगीत चित्र छापतांना संगणक थोडा रेंगाळला तर तें त्याचें श्रमणें आहे, आजार नव्हे. ठिपके ३०० वर आणले कीं ओझें चौथाईवर येतें.

त्या दिवशीं संध्याकाळपर्यंत राहिलेले सर्व दाखले छापून झाले. चालकांपैकीं एक गृहस्थ तेथेंच उभे होते, ते कारकुनांना म्हणाले, "अण्णा, आमचें चुकलें." अण्णा कांहीं बोलले नाहींत, शेवटच्या दाखल्यावर शिक्का मारून त्यांनीं तो खिडकींतून पुढें केला. ग्रंथालयाचे पैसे ग्रंथालयालाच राहिले. आपल्या घरींही असा प्रसंग आला तर नवें यंत्र परत करण्यापूर्वीं, आणि माणसाला बोल लावण्यापूर्वीं तर अवश्यच, एवढा क्रम पाहावा: प्रथम तार, मग सोबती, मग रांग, आणि शेवटीं जुन्या यंत्राची राहून गेलेली नोंद.