मटक्याचा हिशोब चिंचोक्यांनी



बचत गटाच्या बैठकीत कर्ज मागणारीला आम्ही विचारतो, पैसे कशासाठी? कधी उत्तर येतं, 'घरच्यांची उधारी आहे.' ती पुष्कळदा मटक्याची निघते. आकडा लावतो नवरा, हप्ता पडतो बाईच्या नावावर. 'मटका वाईट' म्हणून घरात कुणी ऐकत नाही, म्हणून आम्ही हिशोबच मांडला.

शून्य ते नऊ, आकडे दहा. एका आकड्यावर १० रुपये लावले आणि तो आला, तर साधारण ९० मिळतात. रोज १० रुपये, असे १०० दिवस धरा. गेले १,०००. दहातला एक आकडा सरासरी १० वेळा लागणार, म्हणजे आले ९००. शंभर रुपये आकडेवाल्याकडे राहिले. जोडीतही तेच, जोड्या १००, भाव रुपयाला ९०. हे सगळं खेळ प्रामाणिक आहे असं धरून!

बैठकीत आम्ही दहा चिठ्ठ्या मडक्यात टाकल्या आणि पैशांऐवजी चिंचोके लावले. एक-दोघी पुढे गेल्या, खूश झाल्या. शेवटी सगळ्यांचे चिंचोके एकत्र मोजले, तर कमी भरले. गावातही असंच होतं. जिंकलेल्याची चर्चा चावडीवर होते, हरलेला गप्प बसतो. आकडेवाल्याला नशीब लागत नाही, गिऱ्हाईक लागतं. खेळणारे जितके जास्त, तितकी त्याची कमाई पक्की.

'आठवडाभर पाच आला नाही, आता येणारच,' असं म्हणतात. पण मडक्यातल्या चिठ्ठीला कालचं काही आठवत नाही. काहीजण हरलेलं भरून काढायला रोज दुप्पट लावतात. १०, २०, ४० करत सातव्या दिवशी ६४० होतात. सात दिवसांचे मिळून १,२७०. आणि ठरलेला आकडा सलग सात दिवस न येणं काही नवलाचं नाही. जवळजवळ निम्म्या वेळा तसंच घडतं.

आणखी एक लक्षात ठेवा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेत जिंकलेले पैसे कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाहीत. त्यामुळे आकडेवाला दारात आला, तर घाबरून गटाचं कर्ज काढू नका. आधी बैठकीत बोला.

रोजचे तेच १० रुपये गटात टाकले, तर १०० दिवसांनी पासबुकात पूर्ण १,००० दिसतात, वर व्याज. आज रात्री जेवणं झाली की दहा चिठ्ठ्या करा, मूठभर चिंचोके घ्या आणि घरच्यांनाच मोजायला बसवा.